सलग हारायलोय, टीम मोडायच्या आधी जाणत्यांनी काहीतरी सांगा (सोलापूर, रविवारची लेदर टीम)

मिडऑफला_उभा
मालक लोकं नमस्कार. आपली टीम लेदर बॉलवाली, रविवारी सकाळी मॅटवर वीस-वीस ओव्हर खेळतो. टीममध्ये दोघं यंत्रमागावर कामाला, एक मेडिकलवाला, दोन शिक्षक, एकजण बँकेत, बाकी कॉलेजची पोरं. दिवाळीनंतर एक पण मॅच जिंकलेली नाही. आणि आता असं झालंय की हारल्याचं वाईट पण कुणाला वाटंना, मॅच संपली की किट भरतात न् गाडीला किक मारून जातात. आधी हारलो तरी पार्क चौकात थांबून तासभर भांडायचो, कुणाचा कॉल होता, कुणी बॅकअप केला नाही, ते सगळं बंद झालंय आणि मला हारण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटायलीय.

गेल्या रविवारचं सांगतो. आपण 134 केले, मॅटवर वाईट स्कोअर नाही. त्यांचे 15 ओव्हरला 98 वर 6, म्हणजे 30 बॉलात 37 पाहिजेत आणि विकेट चारच. तिथं लाँगऑनला, म्हणजे बॉलरच्या मागं बाऊंड्रीजवळ, सरळ कॅच आला. पोरगं बॉल वर गेल्या गेल्या पळत पुढं आलं, मग बॉल डोक्यावरून मागं जायलाय म्हटल्यावर उलट्या पावलानं मागं, हाताला लागून चार गेले. पुढच्या ओव्हरला आपल्या फास्टरने चार वाईड टाकले, त्यातला एक कीपरला पण चुकवून बाऊंड्रीला, पाच रन फुकट. 18 व्या ओव्हरला मॅच संपली. त्या पोरानं ग्रुपवर अजून एक शब्द टाकलेला नाही.

आता टीममध्ये दोन मतं आहेत. काहीजण म्हणायलेत की पैसे काढून बाहेरचे दोन चांगले प्लेअर घ्या. काहीजण म्हणायलेत लेदर सोडा, नाईट टेनिस खेळू, त्यात तरी बक्षीस असतंय. मला दोन्ही पटंना. हीच पोरं घेऊन जिंकायचंय. कसं ते सांगा.

कुमठा_नाका
स्पष्ट बोलतो राग मानू नका. दोन बाहेरचे घ्या, एक फास्टर न् एक ओपनर. आम्ही पण हेच केलं, लगेच फरक पडला. जिंकायला लागलं की वातावरण आपोआप बदलतंय, पोरं टायमावर यायला लागतात. हारत हारत कोण सुधारत नसतंय बे.

स्कोअरवही
मी बरीच वर्षं स्कोअरिंग करायलोय त्यामुळं माझं पहिलं म्हणणं एकच, वही काढा. तुमच्या हारलेल्या मॅचेसचं बॉलिंगचं पान उघडा आणि फक्त वाईड-नोबॉल मोजा, बाकी काही बघू नका. मग बॅटिंगच्या पानावर डॉट बॉल, म्हणजे ज्यावर रनच निघाला नाही ते बॉल, मोजा. हे दोन आकडे इथं टाका, पुढचं त्यावर बोलू. तोपर्यंत कुणाला काढायचं न् कुणाला आणायचं ही चर्चाच नको.

मिडऑफला_उभा
सर, बसून मोजलं. सगळ्यात कमी वाईड एका मॅचला 14, सगळ्यात जास्त 23. बहुतेक मॅचला 18 च्या आसपास. डॉट बॉल गेल्या रविवारी 66.

स्कोअरवही
मग बघा. 18 वाईड म्हणजे 18 रन तर गेलेच, शिवाय 18 बॉल परत टाकावे लागले, म्हणजे तीन ओव्हर. समोरची टीम तुम्हाला 20 ओव्हर टाकते आणि तुम्ही त्यांना 23 टाकता. मॅटवर तीन ओव्हरला 20-22 रन कुठं गेले नाहीत. म्हणजे दरवेळी तुम्ही अंदाजे 40 रननं मागं राहून मॅच चालू करता आणि तरी 18 व्या ओव्हरपर्यंत मॅच ओढता. अहो ही टीम वाईट नाही.

आणि 66 डॉट म्हणजे 120 पैकी उरलेल्या 54 बॉलात 134 काढलेत. मारणारे आहेत तुमच्याकडे, पळणारे नाहीत. त्या 66 पैकी वीस बॉलाला एकेक रन निघाला असता तर 154 होते, आणि मग तो कॅच सुटला तरी चाललं असतं.

कुमठा नाका, तुमच्या मुद्द्याचा मान ठेवून सांगतो. वीस ओव्हरच्या मॅचमध्ये एक बॉलर फार तर चार ओव्हर टाकतो. बाहेरचा कितीही भारी आणला तरी 16 ओव्हर यांच्याच पोरांनी टाकायच्या आहेत.

पूर्वभाग_लेगस्पिन
यंत्रमागावरच्या दोघांबद्दल वाचलं म्हणून लिहायलोय. मी पण त्याच लाईनमधला, टॉवेलचा कारखाना. शनिवारी रात्रपाळी करून सकाळी सात वाजता जो माणूस ग्राउंडवर येतोय त्याला पहिल्याच ओव्हरला स्लिपला उभं करू नका. रात्रभर त्या खडखडाटात उभं राहून कान बधिर झालेले असतात, कॉल ऐकायला जातच नाही. रनआऊट कसे होतात तर असे. आमच्या टीममध्ये आम्ही ठरवलंय, रात्रपाळीवाला असला की टॉस जिंकून पहिली बॅटिंग घ्यायची आणि त्याला खाली सातव्या-आठव्या नंबरला ठेवायचं, तेवढ्यात तो झाडाखाली दीड तास झोपून घेतो, चहा-पाव खातो, दुसऱ्या डावात ताजा होऊन फिल्डिंगला येतो.

आणि एक विचारतो, तुमच्या किती मॅच नऊ जणांवर चालू झाल्या? आमच्याकडं लई वेळा व्हायचं. अकरावा माणूस तिसऱ्या ओव्हरला येतोय तोपर्यंत थर्डमॅन रिकामा, तिथून तीन चौके गेलेले असतात.

मिडऑफला_उभा
अण्णा, झोपू द्यायचं हे डोक्यातच आलं नव्हतं कुणाच्या. त्यातला एकजण आमचा मेन स्पिनर आहे. आणि हौ, नऊ-दहा जणांवर बऱ्याचदा चालू केलंय. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या टायमाला तर आठ होतो, समोरच्यांचे दोघं आमच्याकडनं फिल्डिंगला उभे राहिले.

आक्का_कोच
मी मुलींना शिकवते, सकाळी सहाला आमची प्रॅक्टिस असते. लाँगऑनच्या कॅचबद्दल वाचलं म्हणून सविस्तर लिहिते, कारण हा कॅच सुटतो तेव्हा सगळे म्हणतात "हात घातला नाही" आणि मामला असतो पायाचा.

उंच कॅच सरळ अंगावर येतो तेव्हा तो पुढं पडणार का मागं हे पहिल्या क्षणी कळतच नाही. बाजूनं येणारा बॉल सोपा, त्याची कमान दिसते. सरळ येणाऱ्याची दिसत नाही. म्हणून नवा फिल्डर हमखास पुढं पळतो. आमच्या मुलींना पहिला नियम हाच: बॉल वर गेला की आधी एक पाऊल मागं. पुढं यायला कधीपण येता येतं, मागं उलटं पळता येत नाही. आणि मागं जायचंच झालं तर तोंड बॉलकडं ठेवून उलट्या पावलानं जायचं नाही, अंग आडवं करून खांद्यावरून बघत पळायचं. हात छातीच्या वर घ्यायचे तर बोटं वर, पोटाजवळ घ्यायचे तर बोटं खाली, मधल्या उंचीला गोंधळ होतो म्हणून शक्यतो डोळ्यासमोर घ्यायचा आणि बॉल हातात आला की हात अंगाकडं मागं आणायचे, ताठ ठेवले की उडालाच.

हे सांगून होत नाही, रोज वीस-पंचवीस उंच कॅच लागतात. बॅटनं मारता येत नसतील तर हातानं फेका, टेनिस बॉल चालेल सुरुवातीला. त्या मुलाला पुढच्या मॅचला बाऊंड्रीवरून काढून पॉईंटला लपवू नका बरं का, सगळे तेच करतात. त्याला प्रॅक्टिसला लाँगऑनलाच उभं करा आणि मॅचला पण तिथंच. आणि कॅप्टननं त्याला फोन करा, ग्रुपवर नाही, फोन. ग्रुपवर गप्प बसलेलं पोरगं दोन रविवार आलं नाही की परत येत नाही, माझ्या दोन चांगल्या मुली अशाच गेल्या.

आपल्या जिल्ह्याचीच किरण नवगिरे बघा. आधी ॲथलीट, भालाफेक-गोळाफेक करायची, क्रिकेटला नंतर आली, इकडं जागा मिळेना म्हणून नागालँडकडून खेळली आणि 2022 ला टी-20 मध्ये 162 नाबाद ठोकले, टी-20 मध्ये दीडशेच्या पुढं जाणारी पहिली भारतीय, पुरुष धरून. त्याच वर्षी इंडियाकडून खेळली. आमच्या मुली तिचं नाव घेऊन सहाला उठतात. तुमच्या पोरांना पण सहाला उठवा.

कुमठा_नाका
आक्का तुमचं बरोबर आहे पण ही नोकरीवाली माणसं आहेत. रोज वीस कॅच कोण घेणार? रविवारी चार तास मिळतात तेच बायको-पोरांकडनं मागून घेतलेले असतात.

आक्का_कोच
रोज जमत नसेल तर बुधवार न् शनिवार, पाऊण तास. शिक्षक आहेत ना टीममध्ये, शाळेच्या आधी होतं. आणि मॅचच्या दिवशी अर्धा तास आधी या. 2024 च्या जानेवारीत महाराष्ट्र-मणिपूर रणजी मॅच आपल्या पार्क स्टेडियमवर झाली तेव्हा मी मुलींना मुद्दाम मॅच चालू व्हायच्या आधी घेऊन गेलते, वॉर्मअप बघायला. त्या लेव्हलची माणसं पण सकाळी उठून तेच उंच कॅच, तेच एक स्टंपला थ्रो करत होती. ज्यांना येतंय ते करतात आणि ज्यांना येत नाही ते सरळ टॉसला येतात, हे काय मला पटत नाही.

पुण्यात_पण_सोलापूरचा
धागा पूर्ण वाचला. मी एक जुनी गोष्ट सांगतो, आपल्या गावाशी संबंध आहे म्हणून.

भारत पहिली टेस्ट 1932 ला खेळला. त्यानंतर वीस वर्षं एक पण जिंकला नाही. फेब्रुवारी 1952 ला मद्रासला इंग्लंडविरुद्ध पहिली टेस्ट जिंकली, ती आपली 25 वी टेस्ट. एक डाव 8 रननं. विनू मंकडनी दोन्ही डाव मिळून 12 विकेट काढल्या, पंकज रॉयनी 111 केले आणि पॉली उम्रीगरनी नाबाद 130. हे उम्रीगर लहानपणी सोलापुरात वाढलेले, मग घरचे मुंबईला गेले. आणि त्या टेस्टला ते आधी अकरात नव्हतेच, हेमू अधिकारींना दुखापत झाली म्हणून ऐनवेळी आत घेतलं.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी उन्हाळ्यात उम्रीगर इंग्लंडला गेले, तिथं त्यांच्या फास्टर ट्रुमनचा स्पीड झेपेना, 4 टेस्ट, 7 डाव, मिळून 43 रन. सात डावात 43! आज असं झालं तर लोक नाव टाकून देतील. पुढच्या दौऱ्याला वेस्ट इंडिजला याच माणसानं पाच टेस्टमध्ये 560 काढले. नंतर 1955 ला न्यूझीलंडविरुद्ध 223, टेस्टमध्ये भारताचं पहिलं द्विशतक. शेवटी 59 टेस्ट, 3631 रन, 12 शतकं.

मला म्हणायचंय ते एवढंच की 43 रनवाल्या दौऱ्यानंतर त्यांना ठेवलं. तुमच्या लाँगऑनच्या पोराला ठेवा.

सात_रस्ता_ऑफब्रेक
उम्रीगर सोलापूरचे हे मला आज कळायलंय, इतकी वर्षं पार्कवर खेळून. धन्यवाद मालक.

कुमठा_नाका
गोष्ट चांगली आहे, मी पण मुलाला वाचून दाखवली. पण टेस्ट टीमला सहा महिने कॅम्प असतात. हितं रविवार ते रविवार. मी अजून माझ्या मतावर आहे, एक तरी बॉलर घ्या.

विजापूर_रोड_ओपनर
डॉट बॉलवर कोणीच बोलंना म्हणून मी बोलतो. टेनिसवरनं लेदरला आलेली पोरं मॅटवर अडकतात त्याचं कारण साधं आहे, बॉल टेनिससारखा पोटाला येईल म्हणून ती पुढं पाय टाकून आडवी फिरवतात, मॅटवर लेदर बॉल जास्त उसळतो, बॅटच्या वरच्या भागाला लागतो न् जागेवरच पडतो. मग डॉट. दोन डॉट झाले की तिसरा वर मारतात न् आऊट. मॅटवर मागच्या पायावर जायला शिका, बॉल येऊ द्या, डोळ्याखाली आला की नुसता कव्हर-पॉईंटच्या मध्ये न्हाय तर मिडविकेटला ढकला न् पळा. जोर लागतच नाही. बॉल लेट खेळणं हे एवढंच.

आणि कॉल. बॉल समोर गेला तर मारणाऱ्याचा कॉल, मागं गेला तर नॉनस्ट्रायकरचा. तीनच शब्द, येस, नो, वेट. "चल चल", "अरे थांब", "बघ बघ" असलं काही नाही. आमच्याकडं दोघं भाऊ ओपनिंगला यायचे, ते एकमेकांना घरच्या नावानं हाका मारायचे न् दर मॅचला एकजण रनआऊट. तीन शब्दांवर आणलं, बंद झालं.

मॅटवाला
मी ग्राउंडवर मॅट अंथरायचं काम करतो बऱ्याच टीमसाठी. वाईडबद्दल बोलतो. मिडऑफला उभा, तुमचा फास्टर टेनिस खेळतो का आठवडाभर? खेळत असणारच. साधा टेनिस बॉल 60 ग्रॅमच्या आत असतो, लेदर 156 ते 163 ग्रॅम. जवळपास पावणेतीन पट. टेनिसला खांद्यानं झटका देऊन सोडायची सवय लागली की लेदर हातातनं उशिरा सुटतो न् लेगला, बॅट्समनच्या पायामागच्या बाजूला, जातो. तुमचे वाईड बघा, बहुतेक लेगसाईडला असतील.

उपाय असा की त्याला पहिला आठवडा स्पीडनं टाकूच देऊ नका. एक स्टंप गाडा, बॅट्समन नको, गुडलेंथवर रुमाल टाका न् अर्ध्या स्पीडनं त्याच्यावर पाडायला सांगा. आणि रनअप मोजून चुन्याची खूण करा. आपल्याकडची ग्राउंडं मुरमाची, काळी माती वाळली की भेगा पडतात, बॉलर दरवेळी पाय कुठं पडतोय ते बघत पळतो, नजर स्टंपवर नसतेच. रनअपची पट्टी आधी पाणी मारून दाबून घ्या, दोन बादल्या लागतात.

दुसरं, मॅट नीट ताणा. मी बघतो, घाईघाईत चार कोपऱ्याला खिळे ठोकतात न् मध्ये मॅट सैल. सैल मॅटवर एक बॉल बसतो, एक उसळतो, तुमचाच कीपर चुकतो. आधी एक टोक पूर्ण ठोका, मग समोरनं चौघांनी ओढून धरायचं, मग दुसरं टोक, बाजू शेवटी. वीस मिनिटं लागतात. जी टीम आधी येऊन मॅट ताणते तिला पिच कळतं, हे फुकटात मिळतंय बघा.

आणि मार्च लागला. साडेदहा नंतर आपल्याकडं ग्राउंडवर उभं राहवत नाही. नुसतं पाणी पिऊ नका, मीठ-साखर-लिंबू घातलेलं न्या न्हाय तर ताक. शेवटच्या पाच ओव्हरला कॅच सुटतात ना, तेव्हा अर्ध्या लोकांचं अंगातलं पाणी संपलेलं असतं.

मिडऑफला_उभा
काय बोलू, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मॅटवाले भाऊ, वाईड खरंच लेगचेच आहेत, मी वही घेऊन फास्टरला विचारलं, तो स्वतःच म्हणाला बॉल हातात अडकतोय.

आक्का, त्या पोराला फोन केला. पहिल्यांदा उचलला नाही. रात्री त्याच्या घरी गेलो, त्याची आई म्हणाली चार दिवस झाले बॅट कपाटावर ठेवलीय. बसलो, शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, क्रिकेटचं काहीच बोललो नाही, निघताना म्हटलं बुधवारी सहाला ये, उंच कॅच घ्यायचेत, मी पण घेणार आहे. आला.

मिडऑफला_उभा
रविवारचं सांगतो, लोकं विचारायलेत. हारलो. पण मी हे वेगळ्या मनानं लिहायलोय. वाईड 9. अकरा जण टॉसच्या आधी हजर, मॅट आम्हीच ताणली. आमचा स्पिनर रात्रपाळी करून आलता, पहिली बॅटिंग घेऊन त्याला झोपवला, दुसऱ्या डावात चार ओव्हरमध्ये 17 देऊन 3 काढल्या. डॉट अजून 58 आहेत, तिथंच मॅच गेली, दोघं सिंगल सोडून मारायच्या नादात आऊट झाले. लाँगऑनला दोन कॅच आले, एक घेतला एक सुटला. सुटलेला अवघड होता, उन्हात होता, पण यावेळी पोरगं बॉलच्या खाली बरोबर पोचलं होतं, ते मी बघितलं.

बाहेरच्या प्लेअरचं मीटिंग घेऊन मिटवलं, घ्यायचे नाहीत. ते पैसे दोन नवीन बॉल न् एक कीपिंगच्या ग्लोव्ह्जला लावायचे ठरलं. एकजण नाराज होऊन टेनिसला गेला, जाऊ दे, चांगला पोरगा आहे, परत येईल तेव्हा जागा आहे.

स्कोअरवही
58 वरून 45 वर आणा. बाकी काही बदलू नका. दोन्ही ओपनरना पुढच्या मॅचला सांगा की पहिल्या सहा ओव्हरमध्ये मला तुमच्याकडून चौके नकोत, 18 सिंगल पाहिजेत. वही मला दाखवा, मी येऊन बसतो पुढच्या रविवारी.

पूर्वभाग_लेगस्पिन
स्पिनरला माझा सलाम सांगा. पुढच्या वेळी कानात बोळा घालून झोपू दे, ग्राउंडवर आरडाओरडा असतो.

कुमठा_नाका
बरं. माझं मत मी बदललेलं नाही पण 9 वाईड म्हणजे काम केलंय पोरांनी, हे मानलं. शनिवारी आमची प्रॅक्टिस असते, कुमठा नाक्याच्या मागच्या ग्राउंडवर. दहा-दहा ओव्हर खेळू, तुमच्या फास्टरला आमच्या डावऱ्या ओपनरला टाकू दे, लेगचा प्रॉब्लेम तिथं लगेच कळंल. मॅट आमची, बॉल तुमचा. येताय का?

मिडऑफला_उभा
येतोय. सहाला पोचतो, तेरा जण आहोत, दोघांना आलटून पालटून खेळवू. मॅट ताणायला आमची पोरं येतील, तुम्ही फक्त खिळे न् हातोडा ठेवा.